मागच्या चाकाचं माप

माझा राग नाकावर असतो, असं घोरावाडीत अजून सांगतात. असायचाच. सुईणपणाचं शिक्षण घेऊन मी तिथं राहायला आले तेव्हा लढाई चालू होती आणि आसपासच्या गावांतल्या बाळंतपणांना मी एकटी. इंदुरी दीड कोस. पहिल्याच वर्षी भातलावणीत तिथल्या सुताराची सून अडली. बैल सगळे खाचरात. तिचा नवरा धावत मला बोलवायला आला, मी पायीच निघाले आणि पोचेपर्यंत पोर गेलं होतं. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मला चकार शब्द ऐकवला नाही. तेच मला जास्त लागलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी हट्टाला पेटले. लोणावळ्याच्या बंगल्यातली एक मडम विलायतेला परत निघाली होती, तिची जुनी बायकी सायकल पदरात पाडून घेतली. शिकताना गुडघे फोडून घेतले. लोक हसले, हसणाऱ्यांना मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण शिकले आणि दोन वर्षं दामटली. आबांची सून पुन्हा दिवसांत होती, सातवा सरत आला होता, आणि नेमका तेव्हा मागचा टायर असा फाटला की आतली ट्यूब बाहेर डोकावायला लागली. दुष्काळात तेरावा महिना.

लढाईमुळे टायर मिळणं मुश्कील. पुण्याच्या दुकानांत होते ते पुरुषी सायकलींचे, मोठ्या चाकांचे. लोणावळ्याच्या बाजारात एक म्हातारे सायकल-मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते म्हणाले, नुसतं सव्वीस इंची म्हणून भागत नाही बाई, त्यातही जाती आहेत. नीट माप आणा, माळ्यावर काही जुना माल आहे.

चाकाचं माप म्हटलं की आमच्याकडे एकच माणूस. बैलगाडीचं चाक आबा करायचे आणि त्याच्यावर बसणारी लोखंडी धाव लोहार करायचा. पण चाक कधी लोहाराकडे जात नसे. आबा चाकाभोवती सूत फिरवायचे, गाठ मारायचे आणि ते सूत पाठवून द्यायचे. तेवढ्यावर धाव यायची, लाल करून चढवायची, वर पाणी ओतायचं की बसलीच आवळून. मी सायकलचं चाक सोबत न्यायचं म्हणत होते, तर आबांना तो अपमान वाटला. त्यांनी कडेवरून सूत फिरवलं, गाठ मारली.

चाचांनी ते सूत हातात घेऊन विचारलं, कुठून धरलंय? मी ताठ्यात सांगितलं, इंदुरीच्या आबांचं माप आहे, चुकायचं नाही. त्यांनी माळ्यावरून पाच-सहा टायर काढले आणि सुताला तंतोतंत लागला तो एक मला दिला. मी विजयी वीरासारखी परत आले. चढवला, तर बोटभर सैल. हवा भरली की कडा उलटून बाहेर.

मी सायकल तशीच ढकलत इंदुरीला नेली आणि आबांच्या अंगणात आदळली. तोंड सुटणारच होतं. पण आबा टायर हातात घेऊन बसले आणि बराच वेळ त्याच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवत राहिले. त्या कडेत तार असते. मग चाकाच्या लोखंडी खोबणीत बोट घातलं.

"बाई, चूक माजी हाय," ते म्हणाले. "धाव चाकाच्या वर बसती. ही तार आत उतरून बसती. म्या वरून मापलं."

उभ्या जन्मात सायकलला हात न लावलेला माणूस! चाचांनी काढलेले बाकीचे टायर याहूनही मोठे होते, हे मी सांगितलं. ते ऐकून आबा उठले. एक जुनं धोतर फाडून त्याच्या अरुंद पट्ट्या केल्या, सरस उकळला आणि खोबणीत पट्टी चिकटवायला बसले. एक फेर, वाळू द्यायचा, टायर लावून बघायचा, पुन्हा फेर. हवेच्या नळीपुरतं भोक राखलेलं. कुठं केसभर उंचवटा आला तर रंध्याच्या पात्याने खरवडायचे. दोन दिवस हे चाललं. मी पहिल्या दिवशी घाई करत होते. दुसऱ्या दिवशी गप्प बसून नुसती बघत राहिले. शेवटी टायर चढवला तो दोघांना जोर लावूनही चढेना, आणि चढला तेव्हा मधे नख जाईना. आबांनी चाक उचलून फिरवलं. ते फिरलं, आणि मी तोंडात बोट घातलं. कुठं म्हणून डगमग नाही. मडमेकडे सायकल नवी होती तेव्हाही असं फिरलं नसेल. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि खरंच पडले.

मार्गशीर्षात एका सकाळी सुनेचा नवरा पुन्हा धावत आला. मी त्याला मागं सोडून पुढं निघाले. खडीचा रस्ता, उतारावरही पाय थांबवले नाहीत. पोचले तेव्हा पोराचं डोकं दिसत होतं आणि नाळेचा वेढा मानेला होता. अजून थोडा वेळ गेला असता तर संपलं होतं. मी वेढा सोडवला, पाठीवर थापट्या दिल्या. पोर निळं पडलं होतं. मग रडलं.

बाहेर येऊन सांगितलं, आबा, नात झाली, दोघी सुखरूप आहेत. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, मागच्या खेपेला मी अशी वेळेवर आले असते तर.



"मागल्या टायमाला बी तुमी पळतच आलत्या," ते म्हणाले. "वहाणा तुटलेल्या. पायातनं रगात येत व्हतं. तुमी आत गेल्यावर वसरीवरलं रगात म्याच पुसलं."

मी तिथंच पायरीवर बसले आणि पोटभर रडले.