मारुतीच्या वाट्याची पानं

"प्लीज टेल मी देअर इज अ बॅकअप," माझा बॉस ग्रॅहम म्हणाला.

बॅकअप नव्हता. केंब्रिजजवळच्या एका काचघरात मी फुलपाखरं सांभाळते. त्या शुक्रवारी मोनार्क फुलपाखरांच्या चाळीस अळ्या उपाशी होत्या, कारण नव्या नर्सरीतून आलेल्या मिल्कवीडवर कीटकनाशक मारलेलं निघालं. ऑर्डर देताना ते विचारायला विसरले होते मीच. या अळ्या मिल्कवीडच्या कुळाखेरीज काही खात नाहीत. नखरे विचारू नका, मरतील पण कोबीला तोंड लावणार नाहीत.

या कुळातली झाडं चिकाची. आपली रुई त्यातलीच. रुई म्हटल्यावर मला लंडनच्या पिनर भागातल्या मंदाकाकू आठवल्या. रिटायर्ड भूलतज्ज्ञ. गेली कित्येक वर्षं 'पुढच्या वर्षी पुण्याला परत' म्हणतायत. शनिवारी मारुतीला हार हवा म्हणून त्यांनी घराला जोडलेल्या काचेच्या कंझर्व्हेटरीत रुई वाढवलीय, ती पार छताला टेकलीय.

मी तडक पिनर गाठलं.

"उद्या शनिवार," काकू दारातच म्हणाल्या. "मारुतीच्या आधी अळीला? काहीतरीच काय! गेल्या शनिवारचा हार फ्रिजमध्ये आहे, तो ने. प्रसाद आहे."

हाराला तेल-शेंदूर माखलेला.

"काकू, तेल नाही चालणार. अळ्या अंगावरच्या बारीक भोकांतून श्वास घेतात. ती बुजतील."

काकूंचा चेहराच बदलला. "एअरवे ब्लॉक? अगं, मग मघाशीच नाही का सांगायचं!"

हातमोजे चढवून त्यांनी झाड बोडकं केलं. मारुतीला मोजून अकरा पानं ठेवली आणि गाडीत येऊन बसल्या. "पेशंट बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

काचघरात पानं ठेवल्यावर वीस मिनिटं एकाही अळीने त्यांना तोंड लावलं नाही. काकू घड्याळाकडे बघत उभ्या. मग एकीने कड कुरतडली. पाठोपाठ सगळ्या तुटून पडल्या.

"स्टेबल," काकू म्हणाल्या.

ग्रॅहम फॉर्म घेऊन आला. "सप्लायर?"

"मारुती."

"रिलायबल?"

"व्हेरी," काकू म्हणाल्या.

कोशातून फुलपाखरं निघाली तेव्हा काकू बघायला आल्या. मी माहिती दिली: अमेरिकेत ही थंडीच्या आधी हजारो मैल उडत मेक्सिकोला जातात. परत उत्तरेला घरी पोचतात ती त्यांची पुढची पिढी, नाहीतर त्याच्याही पुढची.

"म्हणजे निघालेला स्वतः घरी पोचतच नाही?"

"सहसा नाही."

काकूंनी काचेला नाक लावलं. "आणि त्याला कोणी विचारतही नाही, कधी परत जाणार म्हणून. सुखी आहे बाई."

तेव्हापासून ऑर्डर देताना फवारणीचं मी आधी विचारते. काकूंना पुण्याचं विचारत नाही.