ताईच्या स्कूटरचं मडगार्ड

पायाने ढकलायच्या स्कूटरला ब्रेक कुठे असतो? शेगावच्या दुकानदाराला मी हेच विचारलं होतं. तो फोनवर बोलत होता. पुढेही कोणी सांगितलं नाही. मग मी काय करून बसलो, ते ऐका.

स्कूटर ताईची. ताई आमच्या देऊळघाटात अंगणवाडीवर मदतनीस होती. रोज पायी जायचा तिला कंटाळा. दोन चाकं, एक फळी, एक दांडा. त्यात शिकायचं काय? सोबतचा कागद तिने माझ्यापुढे केला. वाचायचं म्हटलं की मला घाम फुटतो. मी तो खिशात कोंबला.

गल्लीत जो तो विचारायचा.

"पेट्रोल कुठी टाकतं बे?"

"लायसन लागते काय याले?"

मी सगळ्यांना ठणकावून उत्तरं दिली.

आता आमची जमीन काळी. पावसात मडगार्डमध्ये चिखल अडकून चाक फिरत नाही, म्हणून आम्ही सायकलींची मडगार्डं काढूनच ठेवतो. स्कूटरच्या मागच्या चाकावरही पत्रा दिसला. तीन स्क्रू. काढला आणि खिडकीत ठेवला.

"काऊन काढलं बे?" ताईने विचारलं.

"चिखल भरते. थांब, आधी मी चालवून पाह्यतो."

तेवढं एक बरं सुचलं. उतार लागला आणि स्कूटर माझं ऐकेना. पाय घासला, तर चप्पल मागे राहिली. समोर शांताकाकूंच्या सोयाबीनच्या भुशाचा ढीग. कमरेपर्यंत आत गेलो.

"काकू, याले ब्रेक कुठी असते?"

"पह्यले माह्या भुशातून निंघ."

ताई चप्पल घेऊन आली. माझ्या खिशातला कागद काढून वाचला आणि रस्त्यातच बसून हसली.

"कुठी आहे ब्रेक? सांग ना."

"नाही सांगत. मडगार्ड बसव, मंग समजते तुले."

मला राग आला. नाही बसवलं.

दिवाळीनंतर ताईला ताप भरला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "बसवलं काय बे मडगार्ड?"

"हाव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं जमली होती. मी घरामागे स्कूटर घेऊन बसलो. दोन स्क्रू सापडले, तिसऱ्या जागी तार पिळली. घट्ट बसलं का पाहायला पत्र्यावर पाय दिला. चाक थांबलं.

ब्रेक महिनाभर आमच्या खिडकीत पडला होता.

पुढून हाक आली. मी तार अजून एक वेढा पिळली, स्कूटर तिच्या जागेवर उभी केली आणि ताईला खांदा द्यायला गेलो.