परतीचा आहेर

आमच्या दाजींना ज्याने म्हणून एकदा उचललं, तो स्वतः हवेत गेल्याशिवाय धुळ्यातून सुटला नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले, त्यामुळे त्यांना उचलायला सगळं जग टपलेलं. दाजींची हरकत नसे. फक्त उचलणं हा त्यांच्या लेखी आहेर होता, आणि घेतलेला आहेर परत केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. एसटीत कंडक्टरने बगलेत धरून चढवलं की दाजी मागच्या बाकावर आडवे होत, त्याला जवळ बोलावत आणि तिकिटांच्या पेटीसकट दोन्ही हातांवर तोलून धरत. तो बिचारा वरून ओरडे, "अहो, गाडी सोडायचीय!" दाजी खालून शांतपणे म्हणत, "आहेर शे भाऊ, परत देनंच पडस." त्यांच्या लग्नात आमच्या मामांनी त्यांना उचलून बोहल्यावर बसवलं, तर अंतरपाट धरलेला असताना यांनी बोहल्यावरच आडवं होऊन मामांना उचललं. भटजी "सावधान" म्हणाले ते वधूवरांना की मामांना, यावर आमच्याकडे अजून वाद आहे.

एकच आहेर अडून बसला होता. दाजींच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्यांना चार वर्षं खांद्यावर बसवून नाल्यापलीकडच्या शाळेत नेलं होतं. फाटकाशी पोचलं की रोज म्हणायचे, "उतर रे, शाळा उनी." शाळा आली! आता आबा स्वतःला उचलू द्यायला काही केल्या तयार होईनात. "तू काय पैलवान शे का? पदक आन, मंग उचल माले," म्हणाले. आबांनी आपलं टाळायला म्हटलं, दाजींनी मनावर घेतलं. जात्याचे दोन्ही दगड पहारीत ओवून त्यांनी मेहनत सुरू केली आणि अक्काला वर्षभर शेजारी दळावं लागलं.

नव्वद सालाच्या आसपास धुळ्यात अपंगांच्या वजन उचलण्याच्या स्पर्धा झाल्या. बाकावर उताणं पडायचं, दांडा छातीवर टेकवायचा आणि पंचाने हुकूम दिला की वर ढकलायचा. संधी तीन. आबा पहिल्या रांगेत. दाजींनी दांडा छातीवर घेतला आणि बाहेरगावचे पंच ओरडले, "प्रेस!"

आता धुळ्यात प्रेस म्हणजे पेपरवाले. स्कूटरच्या पुढे लाल अक्षरांत तेच लिहिलेलं असतं. छातीवर नव्वद किलो असताना दाजींनी मान वळवली आणि छान हसले. पंच पुन्हा ओरडले, तसे दाजींचे सगळे दात दिसले. संधी बाद. दुसऱ्या खेपेला ते भांग पाडून आले. पुन्हा "प्रेस!", पुन्हा तेच हसू, आणि दांड्याखालून घुसमटलेला प्रश्न, "फोटोवाला कोठे शे?"

मांडव हसून लोटपोट झाला. आबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मुठीत आवळली होती. टाळायला घातलेली अट आता त्यांनाच पुरी व्हायला हवी होती. मी धावत जाऊन दाजींच्या कानाशी ओरडलो, "दाजी, प्रेस म्हणजे वर ढकला!" मग तसं सरळ सांगायला पंचांना काय झालं होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण तिसऱ्या वेळी दांडा वर गेला आणि दाजींचा तिसरा नंबर आला. गटात स्पर्धक तिघेच होते, ही गोष्ट आम्ही आबांना शेवटपर्यंत सांगितली नाही.

संध्याकाळी अंगणात दाजी खाटेवर उताणे झाले. आबा धोतर सावरत, लाजत त्यांच्या हातांवर आडवे झाले. हात सहज वर गेले. आबांचं वजन होतंच किती! कंडक्टर, मामा, सगळ्यांना दाजींनी दोन क्षणांत खाली ठेवलं होतं. आबांना मात्र ते ठेवेनात. उताणं पडल्यामुळे डोळ्यांतलं पाणी ओघळून कानांत जात होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी वरून आबाच हळूच म्हणाले, "ठेव रे आते. शाळा उनी."