फितूर राखणदार

धुळ्याच्या एका दवाखान्यात मी मान दाखवायला बसलो होतो. शेजारी शिरपूरकडचे एक केळीवाले आबा होते. ते टोपी काढायचे, कलिंगड घेताना वाजवून बघतात तसं डोकं टिचकीने वाजवायचे आणि टोपी परत घालायचे. मी विचारलं, तर म्हणाले, मेंदूत गाठ आहे.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की, रोगाशी लढणाऱ्या पेशी गाठीपर्यंत पोचल्यात, पण तिला मारायचं सोडून तिलाच पोसतायत. आबांना याचं नवल वाटलं नव्हतं. त्यांच्या बागेचा राखणदार विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरणाऱ्यांना बॅटरीचा उजेड दाखवताना सापडला होता.

‘मग काढून टाकला?’

‘काबर काढू? चोरेस्ना बठ्ठा रस्ता त्यालेच माहीत शेतस.’

चोरांच्या सगळ्या वाटा ठाऊक असलेल्या त्या राखणदाराला आबांनी रोज आपल्या शेजारी जेवायला बसवलं. उन्हाळा संपायच्या आत त्यानेच दोन चोर धरून दिले.

पेशींनाही असंच आपल्या बाजूला वळवा, असं आबांनी डॉक्टरांना सुचवलं होतं. डॉक्टर हसले नाहीत. तशा औषधांवर काम चालू आहे, पण वेळ लागेल, म्हणाले. तोवर ऑपरेशन.



इतक्यात त्यांचा नंबर पुकारला. उठण्याआधी त्यांनी राखणदाराला फोन लावला. मला वाटलं, केबलचं विचारतील.

‘जेवना का रे?’ त्यांनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत डॉक्टरांना थांबवून ठेवलं.