कडेवरचा नवस

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्वदीर्घाची मला कधीच खात्री वाटत नाही. महाडला मामाकडे राहून चौथीपर्यंत शिकले, पुढे लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आले, आणि पाटी सुटली ती सुटलीच. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. थोरल्या जाऊबाई गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. त्यांचं तोंडाने सांगायला गेले की मला नीट सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला आहे. चुकून कुणाच्या हाती पडलाच तर चुका पोटात घालाव्यात.

आमच्या वाडीच्या डोक्यावर वरच्या आईचा डोंगर आहे. माथ्यावर देवीचं ठाणं, आणि दर मंगळवारी पलीकडच्या वाडीतला गुरव पूजेला चढतो. हा डोंगर थोरल्या बाईंना पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाठ होता, आणि त्या त्यावर एकदाही चढल्या नव्हत्या. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की चुलीपुढची राख हाताने सारखी करायच्या आणि बोटाने वाट काढायच्या. इथं आंब्याखाली झरा, इथून कारवीचं रान, इथं कातळ, इथं हात टेकावे लागतात. सासरे पडवीत खोकले की तळव्याने सगळा डोंगर पुसून टाकायच्या. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणत असू. घरात शब्द त्यांचाच. थोरले भावोजी मुंबईला गिरणीत होते आणि त्यांचा निरोप दरवेळी एकच यायचा, आबा म्हणतील तसं.

डोंगराचा हा ध्यास एका नवसापायी होता. चंद्री, बाईंची एकुलती मुलगी, तान्ही असताना तापाने काळीनिळी पडली. दुसरी बाई असती तर नारळ बोलली असती, फार तर खण. थोरल्या बाई बोलून बसल्या की पोर वाचली तर मी स्वतः तिला कडेवर घेऊन येईन, तुझ्या पायाशी ठेवीपर्यंत डोंगराला तिचा पाय लागू देणार नाही, आणि दिवेलागणीच्या आत घरी परतेन. पोर वाचली. तेव्हा ती एवढीशी होती, एका हातावर मावणारी.

मग एका वर्षी बाईंना दिवस गेले आणि राहिले नाहीत. एका वर्षी सासूबाई वारल्या. त्यानंतर दरवर्षी आबाच नाही म्हणत. भात कापणीला माणूस नाही, म्हशीला कोण बघणार, आणि पोरीच्या नवसाची एवढी काय घाई. बाई ऐकून घेत आणि म्हणत, "डोंगर काय पळून जात नाय." पाणवठ्यावरच्या बाया हसायच्या. डोंगर जात नाय गो, पण तुझी पोर वाढते, म्हणायच्या. एकीने सांगितलं, दोन घास कमी घाल तिला, चढताना हलकी होईल. बाई म्हणाल्या, "देवीनं पोर जगवली ती काय उपाशी ठेवायला?" आणि त्या दिवशी चंद्रीच्या भाकरीवर तूप जरा जास्तच वाढलं.

डोंगरावर जाऊन आलेलं माणूस त्यांनी सोडलं नाही. गुराखी, लाकूडतोडे, मध विकायला येणारी कातकरीण. किती लांब आहे, असं त्या कधी विचारीत नसत. अंगावर पोर असताना टेकायला धोंडा कुठे आहे, वळताना तिचं डोकं कुठे आपटेल, असं विचारीत. नदीवरून येताना डोक्यावर हंडा आणि पाठुंगळी चंद्री घेऊन चढावर चालून बघायच्या. नऊ वर्षांची चंद्री, तिचे पाय बाईंच्या गुडघ्यांपर्यंत लोंबायचे आणि ती सारखी खिदळायची. बाई दमल्या की दम लपवायला तिलाच ओरडायच्या, नीट धर म्हणून.

त्या साली चंद्रीला वरंधकडचं स्थळ आलं. शेतीवाडी बरी होती, मुलगा चांगला होता. वैशाखात लग्न करायचं ठरलं. बोलणी झाल्यावर मुलाच्या आजीने विचारलं, पोरीचा काही नवस राहिलाय का? असेल तर आधी फेडा, देवाचं देणं आमच्या दारात नको. आबा म्हणाले, "येत्या मंगळवारी जाऊन ये."

ज्यासाठी बाईंनी इतकी वर्षं तोंड वेंगाडलं होतं, ते एका वाक्यात मिळालं. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्या "होय" म्हणाल्या आणि आत येऊन तांदूळ निवडायला बसल्या.

त्या मंगळवारी वारा फार होता. पुढच्या मंगळवारी त्यांनी ऐकलं होतं की कातळाखाली आग्यामोहोळ बसलंय. त्याच्या पुढच्याला त्यांना चांगला दोर हवा होता आणि तो घरात नव्हता. राखेतला डोंगर रोज अवघड होत चालला. जिथे सरळ वाट होती तिथे त्या बोट उचलून तुटका कडा दाखवायला लागल्या. एकदा मी भीतभीत म्हटलं, "बाय, इथं तर गुरं चढतात ना?"

त्यांनी राखेतलं बोट काढून घेतलं. "चढतात," म्हणाल्या. "पण नवस राह्यलाय तवर पोर माझी हाय गो. तो फिटला की त्यांची."

"मग नका फेडू," मी म्हटलं.

"आणि देवी रुसली तर कुणावर रुसंल? माझ्यावर रुसली तर मी सोशीन. ती पोरीवर रुसंल."

आबांपुढे मी कधी मान वर केली नव्हती, आणि केली असती तरी काय सांगणार होते? लग्न चांगल्या घरात होत होतं. त्या वयात सगळ्यांच्याच मुली सासरी जात होत्या.

चौथा मंगळवार जवळ आला तेव्हा आबा म्हणाले, तुला झेपत नसेल तर पोर गड्याच्या खांद्यावर देऊन पाठवतो, नवसाला खांदा कुणाचाही चालतो. बाईंनी त्याच संध्याकाळी वाटेची भाकरी भाजली. चुलीपुढे राख तशीच पडली होती, त्यांनी तिला हात लावला नाही.

उजाडताना आम्ही तिघी निघालो. नारळ आणि शिदोरी माझ्याकडे. बाई उपाशी होत्या. सपाटीला चंद्री कडेवर, चढावर लुगड्याने पाठीशी बांधलेली. बाई अशा चढल्या की जणू ती वाट त्यांच्या माहेरची होती. धोंडे जिथे सांगितले होते तिथेच होते. त्या टेकायच्या, श्वास घ्यायच्या, उठायच्या. मी मोकळ्या अंगाने मागे पडत होते. मी एकदा नुसता हात पुढे केला तर म्हणाल्या, नको, तुझा हात लागला तर देवी माझं चालणं मोजील का?

माथा हाकेच्या अंतरावर आला, देवळाचं निशाण दिसायला लागलं, तिथे त्या बसल्या. चंद्रीला मांडीवर घेतलं, तिचे पाय आपल्या ओच्यात गुंडाळले. खाली आमच्या वाडीची कौलं दिसत होती. ऊन डोक्यावर आलं. मी म्हटलं, बाय, गुरव उतरून जाईल.

"बसू गो अजून."

चंद्रीला वाटलं, आई दमली. ती हळूच म्हणाली, "आये, मी चालते थोडी. देवीला सांगू नको."

बाई हसल्या, आणि त्या हसण्यातच त्यांचं तोंड वाकडं झालं. तिला छातीशी अशी आवळली की चंद्री कुरकुरली. मग वरून गुरवाची हाक आली. कोण हाय, म्हणून. मी ओ दिली नाही. बाईंनीच दिली. उठल्या आणि उरलेला चढ न थांबता चढून गेल्या.

गुरवाने नारळ फोडला, चंद्रीच्या कपाळाला अंगारा लावला. म्हणाला, "फिटला नवस, बाय. आईचं काय देणं राह्यलं नाय. ठेव आता पोरीला खाली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी खाली बघितलं. मग त्या वाकल्या आणि चंद्रीला देवीसमोर उभी केली.