टेकडीवरची जाळरेषा

टेकडीवर प्रेम नाही असा माणूस पुण्यात मला अजून भेटलेला नाही, आणि सगळा वैताग त्याचाच आहे. प्रत्येकाला टेकडी आपली वाटते. आपल्याला जे वाटतं तेच टेकडीलाही हवंय, याबद्दल कुणाच्या मनात तिळभर शंका नसते. माझ्याही नव्हती.

हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या ते दिवस. कॉलेज संपलं होतं आणि नोकरी शोधायची सोडून मी टेकडीवर काम करत होते. जमीन सरकारी, देखभाल आम्हा नागरिकांची, असा तो कारभार. रविवारी शाळेच्या मुलांना पायवाटेनं फिरवून झाडं ओळखायला शिकवायचं, दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत रोपं वाढवायची आणि पत्रकं काढायची. पत्रकं माझ्याकडे. मोर्च्यांमध्ये शिकले होते. एका पानात लोकांना खडबडून जागं करणं मला जमतं, अशी माझी ठाम समजूत होती.

त्या वर्षी पूर्वेच्या उतारावरची रोपं तिसऱ्या उन्हाळ्याला तोंड देणार होती. आपटा, बहावा, शिवण. कमरेपर्यंत आलेली. एवढा उन्हाळा निघाला की पुढे त्यांची ती वाढली असती. भीती एकच, वणवा. गवत वाळलं की कुणाची तरी विडी पुरते. त्या रोपांतली एक ओळ बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांची होती. काकू गेल्या त्या पावसाळ्यात त्यांनी ती लावली. त्याबद्दल ते बोलत नसत, आम्हीही विचारत नसू.

वणव्यावरचा उपाय आमच्या वनरक्षकाला ठाऊक होता. "उताराच्या भवती पट्टा आखायचा, मॅडम. दोन्ही कडंनी गवत कापायचं आन् मधलं आपणच जाळायचं. मग आग आली तरी तिला खायाला काय ऱ्हात न्हाई. पर सकाळी. वारं उठायच्या आत." हीच जाळरेषा.

गवत कापायला माणसं हवी होती, म्हणून एका कंपनीला विचारलं. शनिवार-रविवार सुट्टी असलेली ही तेव्हा नवीच जमात होती. आले सगळे एका रंगाचे टी-शर्ट घालून, आणि म्हणे झाडं लावायची. फेब्रुवारीत! मी समजावलं, आत्ता लावलेलं झाड एप्रिलात वाळून जातं. त्यांची मॅनेजर म्हणाली, "पण रिपोर्टमध्ये प्लांटेशनचा फोटो लागतो ना."

"मग फोटो काढा आणि रोप परत द्या," मी म्हटलं.

त्यांनी खरंच तसं केलं! फोटो काढला, रोप परत दिलं. पण मग विळे घेतले आणि दोन शनिवार मान वर न करता गवत कापलं, हेही सांगायला हवं.

जाळायच्या सकाळी वारा नव्हता. हातात ओल्या फांद्या घेऊन आम्ही दोन्ही बाजूंना उभे होतो. तीन बाजू झाल्या. पायवाटेलगतचा शेवटचा तुकडा पेटवणार, तेवढ्यात काका धापा टाकत वर आले आणि सरळ पट्ट्यात उभे राहिले.

"आग लावताय? तुम्ही? टेकडीला?"

"काका, ही जाळरेषा आहे. बाजूला व्हा."

"मला शब्द शिकवू नका. खालून धूर दिसला मला. फोन करून आलोय."

अमेरिकेतल्या मुलानं दिलेला मोबाइल त्यांच्या एका हातात होता आणि दुसऱ्या हातात माझं पत्रक. वर ठळक अक्षरांत, 'टेकडीवर धूर दिसूनही गप्प बसणारा प्रत्येक जण गुन्हेगार आहे!' आणि खाली अग्निशमन दलाचा नंबर.

बंब आला. जवान चढून वर आले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "आग कुठंय?" मी बोलत होते, काका बोलत होते, फिरायला आलेले दहाजण मध्ये पडून बोलत होते. ऊन वर आलं. वनरक्षकानं हातातला टेंभा मातीत विझवला. "आता न्हाई जमायचं. वारं उठलं." संध्याकाळी वनखात्याच्या वरिष्ठांचा तोंडी हुकूम आला, तक्रार झाली आहे, यापुढे जाळायचं नाही. वनरक्षकाच्या विनवण्या, माझे अर्ज, काही उपयोग झाला नाही. तो तुकडा तसाच राहिला.

मार्चमध्ये वणवा आला. तीन बाजूंना रेषेशी येऊन विझला. पायवाटेकडून आत शिरला. आम्ही फांद्यांनी झोडपत होतो, पण दुपारपर्यंत उतार काळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्यांच्या ओळीपाशी उभे होते. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"त्या दिवशी तासभर बाजूला झाला असतात, तर आज हे झालं नसतं."

त्यांनी खिशातून पत्रक काढलं. "पूर्ण वाचलंय मी. दोनदा. यात जाळरेषा कुठंय, दाखवा."

नव्हती. वनरक्षकानं सांगितलेली तीन वाक्यं मी लिहिली होती. छापखान्यात मजकूर एका बाजूला मावेना. घोषणा लहान करा नाहीतर ही वाक्यं काढा, असं ठरवायचं होतं. मी वाक्यं काढली.

हे त्यांना सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

वनरक्षक खाली बसून एकेका खोडाची साल नखानं खरवडत होता. "बहावं गेलं, सायेब. ह्यो आपटा जित्ता हाय. हिरवं दिसतंय बगा. जळकं बुडापासनं कापलं तर पावसात फुटंल."

काका वाकून बराच वेळ ते हिरवं बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी रेषा कधी मारायची?"

"जानेवारीत. परवानगी मिळाली तर."

"परवानगीचं मी बघतो. तक्रार माझी होती, मीच मागे घेईन. आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः सांगेन." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगू नका. तुम्ही ओरडता. कागदावरसुद्धा."

उत्तर जिभेवर होतं, पण वनरक्षकानं माझ्या हातात कोयता दिला. मी आपट्याच्या काळ्या खोडाशी वाकले.

"अहो, थांबा," काका म्हणाले आणि कोयत्यासाठी हात पुढे केला. "ही ओळ मी करतो."