चहाला न जाणारा गार्ड

“ड्रॉप द मर्सी रूट. नोबडी युजेस इट.” स्पीकरफोनवरून परदेशी क्लायंटचा आवाज आला आणि चोप्रा सरांनी माझ्याकडे पाहिलं. गुडगावातल्या आमच्या छोट्या गेम स्टुडिओचे ते मालक आणि माझे बॉस. मर्सी रूट माझा होता. त्याआधी मी टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांच्या गेममधल्या चुका शोधत बसायचे. हा रूट ज्या लेव्हलमध्ये, म्हणजे गेमच्या टप्प्यात होता, ती मी स्वतः आखलेली पहिली. रूट गेला असता तर नुसती मारामारी उरली असती आणि मी परत चुका शोधायला.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “सर, थोडा टाइम दीजिए.”

“फ्रायडे तक. फिर डिलीट.”

जरा समजावून सांगते. स्टेल्थ गेम म्हणजे लपतछपत खेळायचा गेम. अंधारातून, पहारेकऱ्यांची नजर चुकवून पलीकडे पोचायचं. आमच्या लेव्हलमध्ये एक गोदाम, दोन गार्ड आणि मागचं गेट. गार्डला मागून गाठून मारता येतं, नाहीतर त्याच्या केसालाही धक्का न लावता निसटता येतं. हा दुसरा, दयेचा रस्ता म्हणजे मर्सी रूट. निवड खेळणाऱ्याची.

निदान कागदावर तरी. प्लेटेस्टमध्ये, म्हणजे लोकांना खेळायला बसवून आपण मागे गप्प उभं राहतो तेव्हा, सगळेच दोघांना मारून मोकळे होत. आमचे टेस्टर पडले दिल्लीचे. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न वाजवणारी माणसं ती. अंधारात दबा धरून बसतील, ही आशा माझीच.

मी हट्टाला पेटले. आधी गार्डला जिवंत सोडल्याबद्दल बोनस पॉइंट ठेवले. लोकांनी पॉइंटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग मारलं की जास्त गार्ड येतील असं केलं. लोकांनी तेही मारले, आणि एकाने तर ‘अब मज़ा आया’ म्हणून माझं कौतुक केलं.

चोप्रा सर म्हणाले, “गेमर छोड़ो. घर से किसी को ले आओ.”

मी आईला आणलं. आई केंद्र सरकारच्या नोकरीत सेक्शन ऑफिसर, मूळची भंडाऱ्याची. आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मेट्रो तेव्हा गुडगावला पोचली नव्हती. कॅबमध्ये आईने विचारलं, “घरात बुद्धाचा फोटो, आणि तू पगार घेतेस तो माणसं मारायचा?”

“न मारायचाही घेते,” मी म्हटलं. “तेच तर वाचवायचंय.”

आईला गेमपॅडची बटणं दाखवली. तिने खेळाडूला खोक्यांच्या आड उभं केलं आणि थांबली. थांबलीच.

“आई, पुढे जा ना.”

“हा चहाला गेला की जाते.”

“तो चहाला जात नाही.”

“मग जेवायला?”

“नाही जात.”

“ड्यूटीवरचा माणूस चहाला पण जात नाही?” आईने पॅड टेबलावर ठेवलं. “मनू, असं कुठलं ऑफिस असतं?”

चोप्रा सर मागे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण आईचं बरोबर होतं. आमचे गार्ड एका ठरलेल्या रेषेवर फिरत. त्याला पॅट्रोल पाथ म्हणतात. त्या रेषेवरून ते कधी हलतच नसत. वाट पाहून हाती काही लागणार नसेल, तर कोण कशाला वाट पाहील?

दुसऱ्या दिवशी मी एका गार्डला चहाला पाठवला. त्याने जायचं आणि सोबत्यासाठीही एक ग्लास घेऊन यायचं. अडचण अशी की क्लायंट नव्या अ‍ॅनिमेशनचे पैसे देणार नव्हता. अ‍ॅनिमेशन म्हणजे पात्राची हालचाल, आणि ती महाग असते. गार्डच्या एका हातात टॉर्च होता, दुसऱ्यात वॉकीटॉकी. मी दोन्ही काढून घेतले आणि त्या जागी दोन ग्लास दिले. चाल तीच राहिली. एक फायदा फुकटात झाला. हात भरलेले असल्यामुळे त्याला ना उजेड पाडता येई, ना कुणाला बोलावता येई. तेवढ्या वेळात त्याच्या बाजूच्या अंधारातून गेटपर्यंत सहज पोचता येत होतं.

चोप्रा सरांना दाखवलं. ते म्हणाले, “मनीषा, अब तो मारना भी आसान हो गया.”

“जी सर. आप खेलिए.”

सर खुर्चीत बसले आणि सवयीने त्यांनी जागेवर राहिलेल्या गार्डला मारलं. मग चहाला गेलेला गार्ड ग्लास घेऊन आला. सोबती जिथे असायचा तिथे गेला, आणि दोन ग्लास घेऊन त्याच्या प्रेतापाशी उभा राहिला. सर अंधारात वाट पाहत होते, की आता हा ओरडेल, धावेल, काहीतरी करेल. तो काहीच करेना. दुःखाची हालचाल आमच्या बजेटमध्ये नव्हती.

“ये ऐसे ही खड़ा रहेगा?”

“हाँ सर. इसे और कुछ आता नहीं.”

सर स्क्रीनकडे बघत राहिले. त्याला मारणं आता अगदी सोपं होतं. त्यांनी लेव्हल पहिल्यापासून सुरू केली आणि खोक्यांच्या आड जाऊन थांबले. मला फार बरं वाटलं, पण तोंडावर दिसू दिलं नाही.

शुक्रवारी तीच लेव्हल क्लायंटकडे गेली. सोमवारी दोन शब्दांची मेल आली: कीप टी. मारणारे पुढेही मारतच राहिले, पण थांबणारेही निघाले, आणि मर्सी रूट राहिला.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. खेळणाऱ्याने दया दाखवावी असं वाटत असेल, तर शिक्षा आणि बक्षिसं नंतर बघायची. आधी समोरच्याला चहाची सुट्टी द्यायची.

घरी सांगितलं तेव्हा आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि दुसऱ्या गार्डच्या सुट्टीचं काय केलंस?”